पोट दुखणाऱ्या बाईची भूमिका

५ मे

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न उघडताच कपाटावर टाकलं असशील, आणि भाऊजी कामावर गेल्यावर खुर्ची लावून खाली काढलं असशील. मला माहीत आहे तुझा स्वभाव. राग खरा असतो तुझा, पण आत काय लिहिलंय ते बघितल्याशिवाय तुला चैन पडत नाही.

घाबरू नकोस. मी आजारी नाही, मला काही नको आहे आणि मी तुमच्याकडे येतही नाहीये. एक चांगली बातमी आहे आणि ती सांगायला तुझ्याशिवाय कुणी नाही, म्हणून लिहिते. मला काम मिळालंय. मेडिकल कॉलेजात. झाडलोटीचं नाही, शिकवण्याचं. हसून घे आधी, मग पुढचं वाच.

तिथे एक विभाग आहे, होऊ घातलेल्या डॉक्टरांना पेशंटशी बोलायला शिकवणारा. माणूस चिरायचा कसा हे पोरांना येतं. पण समोर रस्त्यावर राहणारा आला, तुरुंगातून सुटलेला आला, देहविक्री करणारी आली किंवा माझ्यासारखी वेड्यांच्या हॉस्पिटलात वर्षं काढून आलेली आली, की त्यांची बोबडी वळते, नाहीतर जीभ नको तेवढी सैल सुटते. म्हणून त्यांच्यापुढे आम्हाला बसवतात. आम्ही खोटे पेशंट. आपण कोण, काय दुखतंय, काय विचारलं तर काय सांगायचं, हे सगळं एका कागदावर लिहिलेलं असतं, ते आम्ही पाठ करतो. मुलं एकेक करून आत येतात, बोलतात, घंटा वाजली की जातात. मग आम्ही त्यांना मार्क देतो. ताई, मी डॉक्टरांना मार्क देते.

विभागाच्या मॅडमना नटनट्या नको होत्या, भोगलेली माणसं हवी होती. पहिल्या दिवशी माझं काम बघून त्या म्हणाल्या, "तुमच्यात हे उपजतच आहे." मी म्हटलं, "आमच्या घरी पण सगळे हेच म्हणायचे, फक्त तोंड वाकडं करून." त्या खूप हसल्या. त्यांना वाटलं मी विनोद केला.

राहते लाँड्रीच्या वरच्या खोलीत. खालून दिवसभर इस्त्रीची वाफ येते, त्यामुळे भिंती घामेजलेल्या असतात, पण लाँड्रीवाली भली आहे आणि माझा इतिहास तिला माहीत नाही. गोळ्या वेळेवर घेते. आवाज येत नाहीत. कधी एखादा आलाच तर त्याला मी कोपऱ्यात बसवून ठेवते, हल्ली ऐकतो तो माझं.

तुझ्या लेकीचं लग्न झाल्याचं मला परस्पर कळलं. बरं झालं. माझे आशीर्वाद तिला सांगू नकोस, उगीच भाऊजींचं डोकं फिरायचं.

उत्तर पाठवलंस तर आनंद होईल. नाही पाठवलंस तर मी काही आकाशपाताळ एक करणार नाही.

तुझी
भिंगरी


१४ जून

ताई,

उत्तर आलं नाही. ठीक आहे. मी वाट बघत नव्हते, पोस्टमन लाँड्रीत आला की सहज खाली डोकावत होते, एवढंच.

माझ्या मुलांबद्दल सांगते. मुलं म्हणजे विद्यार्थी. त्यांची खरी नावं मी लक्षात ठेवत नाही, माझी मी नावं ठेवते. एक आहे मधाळ. आत येतो, खुर्ची पुढे ओढतो, माझ्या डोळ्यांच्या उंचीवर बसतो, स्वतःचं नाव सांगतो, "तुम्हाला काय म्हणून हाक मारू?" विचारतो आणि असा काही आवाज लावतो, "मला समजतंय तुम्हाला किती त्रास होत असेल," की काही नसताना मला रडू येतं. त्याला नेहमी पूर्ण मार्क. दुसरी आहे घुमी. मान खाली, हात खिशात. आल्या आल्या पहिला प्रश्न, "संडासला साफ होते का?" ना नाव, ना गाव. बरं, मी एवढी रंगात येऊन माझ्या दुःखाची कहाणी सांगत असते, आणि ही बया घड्याळाकडे बघून माझी नाडी मोजते. मागच्या खेपेला मी तिच्या कागदावर लिहिलं, "ठोकळा." मॅडमनी ते खोडून "संवादकौशल्यात सुधारणेस वाव" असं लिहिलं. अर्थ तोच.

नियम पुष्कळ आहेत. "तुम्ही लोक" म्हणायचं नाही. बोलणं तोडायचं नाही. पेशंटचं अंग उघडं टाकायचं नाही, चादर घालायची. आणि आम्हा खोट्या पेशंटना तपासताना खरं दाबायचं नाही, नुसता हात ठेवायचा आणि तोंडाने म्हणायचं, "मी आता पोट तपासतोय." सकाळपासून वर्गातल्या सगळ्यांनी खरोखर दाबलं तर संध्याकाळपर्यंत आमचं भरीत होईल, म्हणून हा नियम. सोयीचा आहे.

मॅडमनी मला एक नवी भूमिका लिहायला सांगितली होती. म्हणाल्या, "तुमच्या अनुभवातलं काहीतरी द्या." मी एक बाई लिहिली. पूर्वी मनोरुग्ण होती, आता बरी आहे, पोट दुखतं म्हणून दवाखान्यात जाते आणि डॉक्टर तिची फाइल बघून पोटाकडे बघतच नाहीत. मॅडमनी वाचलं आणि म्हणाल्या, "फारच खरं वाटतंय." मी म्हटलं, वाटणारच.

इकडे उकाडा भयंकर आहे. जेवण जात नाही. दोन्ही गाऊन शिवणीतून आत घेतले. लाँड्रीवाली म्हणते, बारीक झालात, छान दिसता. तू मला कधी छान म्हणाली नाहीस, म्हणून मुद्दाम कळवलं.

भिंगरी


२७ जुलै

ताई,

हे पत्र शेवटपर्यंत वाच. कपाटावर टाकू नकोस.

मागच्या पत्रांत मी तुझ्यापासून लपवलं. ती पोट दुखणारी बाई मीच आहे. उन्हाळ्याच्या आधीपासून उजव्या बाजूला, खाली दुखतं. आधी अधूनमधून दुखायचं, मग रोज. पोट साफ होत नाही, जिने चढले की धाप लागते, आरशात चेहरा कागदासारखा पांढरा दिसतो. मी काही गप्प बसले नव्हते. ओपीडीत गेले होते. तिथल्या डॉक्टरनी फाइल उघडली, पहिल्याच पानावर मनोरुग्णालयाचा शिक्का बघितला आणि विचारलं, "अजून आवाज येतात का?" मी म्हटलं, "पोटात येत नाहीत." त्यांना हसू आलं नाही. म्हणाले, तुमच्या त्या गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतंच, टेन्शन घेऊ नका, आणि मला वरच्या मजल्यावर मानसोपचारवाल्यांकडे पाठवलं. त्यांनी डोस वाढवला. पुन्हा गेले तर पुन्हा तेच. तिसऱ्यांदा गेले तेव्हा ते शेजारच्या शिकाऊ डॉक्टरला म्हणाले, "या आपल्या जुन्या आहेत." हात लावला नाही. मी टेबलावर आडवी झाले होते, तर म्हणाले, उठा, त्याची गरज नाही.

मग मी ती भूमिका लिहिली. तुला हे कळेल की नाही मला माहीत नाही, पण सांगते. त्या परीक्षेच्या खोलीत मी "माझं पोट दुखतंय" असं म्हटलं की समोरचा पुढे वाकून ऐकतो. "केव्हापासून?" विचारतो. "कुणी तुमचं ऐकलं नाही, याचं वाईट वाटतं," म्हणतो. न ऐकून सांगतो कुणाला, मार्क जातात. मला माहीत होतं हे सगळं खोटं आहे. तरी मला ते फार आवडायचं. दिवसभर पांढऱ्या कोटातली माणसं येऊन माझं दुखणं खरं धरत होती आणि मी पुढच्याची वाट बघत होते.

परीक्षेच्या दिवशी घुमीचा नंबर आला. मॅडम मागे कोपऱ्यात मार्कांचा कागद घेऊन बसलेल्या. घुमी आली, नाव सांगितलं नाही, चादर घातली नाही. "झोपा," म्हणाली. आणि हात नुसता ठेवला नाही, दाबला. मी ओरडले. मॅडमनी मान डोलावली, त्यांना वाटलं, आज मी फारच जीव ओतलाय. घुमीने बोटं तिथेच ठेवली, सरकवली, पुन्हा दाबलं. मग विचारलं, "हे कागदात आहे?"

"पोट दुखतं असं आहे."

"गाठ आहे का कागदात?"

आमचा नियम आहे, घंटा वाजेपर्यंत भूमिका सोडायची नाही. काहीही झालं तरी. माझ्या तोंडातून काय निघालं सांगू? माझं पाठ केलेलं पुढचं वाक्य. "डॉक्टर, माझं कुणी खरंच मानत नाही हो." मागे मॅडमनी टिक केलेली मला ऐकू आली.

घुमी म्हणाली, "मी मानते. पण तुम्ही आता खरं बोला. ही गाठ केव्हापासून आहे?"

घंटा वाजली. ती हलली नाही. दार उघडून मधाळ आत आला तर त्याला "बाहेर थांब," म्हणाली. मॅडम उठल्या, "वेळ संपली," म्हणाल्या. ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "मॅडम, इकडे या, हात लावून बघा." मॅडमनी हात लावला. मग त्यांचा चेहरा असा झाला की मला काही विचारावंच लागलं नाही. सकाळपासून वर्गातल्या निम्म्या पोरांनी त्याच गाठीवर हात ठेवून "मी आता पोट तपासतोय" म्हटलं होतं.

घुमी त्या परीक्षेत नापास झाली. ओळख नाही, चादर नाही, वेळेचं भान नाही. मी मॅडमशी भांडले. त्या म्हणाल्या, मार्कांचा तक्ता आधीच गेलाय.

स्कॅन झालं. मोठ्या आतड्यात गाठ आहे आणि ती साधी नाही. ऑपरेशन करावं लागेल आणि लवकर करावं लागेल, असं सर्जन म्हणतात. पण माझ्या फाइलीवर तो शिक्का आहे. वेड्या बाईच्या एकटीच्या सहीवर ते पोट उघडणार नाहीत. रक्ताच्या नात्यातलं कुणीतरी येऊन सही करायला हवं. ताई, म्हणून हे पत्र. फोनवर माझा आवाज ऐकलास की तू ठेवून देतेस.

मला कळतंय तुझ्या मनात काय आलं. तुझ्या लेकीच्या साखरपुड्याच्या आदल्या दिवशी मी फोन करून छातीत कळ येते म्हणाले होते, तू सगळं टाकून धावत आलीस आणि डॉक्टरांनी काही नाही म्हणून सांगितलं. तू तिथेच, दवाखान्याच्या जिन्यात, म्हणालीस, "आता मेलीस तरी मला कळवू नकोस." ती कळ खोटी नव्हती, ताई. यंत्रात दिसली नाही, पण मला आली होती. ते जाऊ दे. तू म्हणालीस मेल्यावर कळवू नकोस. मी अजून जिवंत आहे, म्हणून कळवते.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नकोस. रिपोर्टची झेरॉक्स जोडली आहे. भाऊजींना दाखव, त्यांच्या ओळखीच्या डॉक्टरला दाखव. फक्त ये आणि सही कर. तू एका दिवसात परत जाऊ शकशील. माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल.

भिंगरी


१८ ऑगस्ट

ताई,

पत्र रजिस्टर करून पाठवलं होतं. पोचपावती परत आली, तिच्यावर भाऊजींची सही आहे. म्हणजे सह्या करता येतात तुमच्या घरात.

मी आता वॉर्डात आहे. खिडकीपासून लांबची कॉट, शेजारी म्हातारी आहे, तिच्या पायाला वजन टांगलंय. तिच्याकडे रोज कुणी ना कुणी येतं, आणि आलेला प्रत्येक जण मला विचारतो, "तुमचं कोण आहे?" मी म्हणते, बहीण आहे. कुठे आहे विचारलं की म्हणते, येतेय. तू येतेयस की नाही हे मला कुठे माहीत आहे, पण म्हातारीच्या सुनेने तुझ्यासाठी स्टूल राखून ठेवलं होतं. परवा ते दुसरीकडे गेलं.

सर्जन राउंडला येतात. माझ्या कॉटपाशी उभे राहतात आणि मॅडमशी बोलतात. "यांच्या घरचं कुणी?" मॅडम म्हणतात, "यांचं कुणी नाही सर." मी तिथेच, त्यांच्या दोघांच्या कमरेच्या उंचीवर पडलेली. मॅडम वाईट नाहीत गं. माझ्यासाठी या ऑफिसातून त्या ऑफिसात चपला झिजवतायत. पण मोठ्या डॉक्टरपुढे उभ्या राहिल्या की त्यांनाही आपलंच शिकवलेलं आठवत नाही. मी म्हटलं, "मॅडम, पेशंट इथे खाली आहे." सर्जननी प्रथमच माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "बोलतात छान या." त्यांनी कॉटवरची चादर छान आहे म्हणून सांगितलं असतं तरी त्याच आवाजात सांगितलं असतं.

सहीवाचून अडलं म्हणून मॅडमनी समिती बसवायला लावली. समिती म्हणजे पाच खुर्च्या. त्या पाचही एका दिवशी भरायला किती वार उलटले ते विचारू नकोस. रोज तारीख बदलायची, आणि रोज मी या कुशीवरून त्या कुशीवर. आता उजव्या कुशीवर होतच नाही.

मधे एकदा मला चाकाच्या खुर्चीवरून खालच्या मजल्यावर तपासणीला नेत होते तेव्हा वाटेत आपली परीक्षेची खोली लागली. दाराला काच आहे. माझी भूमिका आता दुसऱ्या बाईला दिली आहे, ती आत बसली होती. माझीच वाक्यं बोलत होती, पोट डाव्या बाजूला धरून. समोर कुणीतरी नवा मुलगा कळवळून ऐकत होता. वॉर्डबॉयला मी जरा थांब म्हटलं. त्या बाईचा मला इतका हेवा वाटला की डोळ्यांत पाणी आलं. मग तिचा धरलेला हात चुकीच्या बाजूला आहे याचा राग आला. मग थांबायचं बळ राहिलं नाही.

घुमी येते. तिला ती परीक्षा पुन्हा द्यायची आहे, म्हणून माझ्याकडे बोलायला शिकायला येते असं ती सगळ्यांना सांगते. मी तिला सोडत नाही. "तू बरोबर होतीस," मी तिला म्हटलं, "पण तुझी तऱ्हा वाईटच होती. पोट दाबायच्या आधी माणसाला सांगायचं असतं. मी दचकले, घाबरले, चार दिवस ती बोटं पोटावर जाणवत होती." ती मान खाली घालून ऐकते. एकदा म्हणाली, "मला नाही येत. घरात कुणी बोलायचंच नाही आमच्या." मी म्हटलं, मग आपलं जमेल. आमच्या घरात सगळे बोलायचे, पण माझ्याशी नाही.

काल समिती भरली. मला वार विचारला, तारीख विचारली, ऑपरेशन म्हणजे काय, त्यात मरायचा धोका आहे का, ते विचारलं. सगळं सांगितलं. मग मीच विचारलं, "मला आजचा वार विचारलात, गेले इतके वार कुठे घालवलेत?" एकाने पेन पुढे केलं. सही मीच केली. माझ्या स्वतःच्या पोटासाठी माझीच सही चालते हे ठरवायला एवढा वेळ गेला.

परवा ऑपरेशन आहे. आता तुझी सही नको. तू आलीस तर मात्र मला हवी आहेस. मी रागावले आहे, खूप रागावले आहे, पण ये.

भिंगरी


२ सप्टेंबर

ताई,

अक्षर वेडंवाकडं आहे, हाताला सलाइन आहे.

ऑपरेशन झालं. पोट उघडलं आणि बरंचसं तसंच ठेवून शिवलं. मला कुणी सांगेना. सर्जन "आराम करा" म्हणाले, सिस्टर "साहेब सांगतील" म्हणाल्या, मॅडम आल्या आणि उशी नीट करून गेल्या. ज्या बाईने अख्ख्या कॉलेजाला वाईट बातमी कशी द्यायची ते शिकवलं ती माझी उशी नीट करत राहिली. मी समजले तेव्हाच.

मी मॅडमना म्हटलं, घुमीला पाठवा. तिच्या तोंडून ऐकायचंय मला.

ती आली. पडदा ओढला. उभीच राहिली. मी म्हटलं, "आधी बसायचं." ती कॉटच्या कडेला बसायला गेली. "कॉटवर नाही, टाके ओढले जातात." तिने पलीकडून स्टूल आणलं. त्यावर बसली. मी तिला काही सुचवलं नाही. मग ती म्हणाली, "मावशी, वाईट बातमी आहे. सांगू का आत्ता?"

मी म्हटलं, सांग.

"गाठ काढता आली नाही. चिकटली होती. यकृतातही गेली आहे. खाल्लेलं पुढे सरकावं म्हणून आतड्याला दुसरी वाट करून दिलीय. तेवढंच झालं."

"आधी उघडलं असतं तर?"

तिने खोटं सांगितलं नाही. "मला माहीत नाही," म्हणाली. "कदाचित." आणि रडायला लागली. रडायचं नसतं असं काही नियमात नाही, पण नाक पुसायला तिच्याकडे रुमालसुद्धा नव्हता. माझ्या उशीच्या अभ्र्याला पुसलं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हे उलटं झालं, मला कळतंय, पण मला बरं वाटलं. इतक्या महिन्यांत कुणाला तरी माझ्यामुळे रडू आलं, माझ्या नाटकामुळे नाही.

तुला दोष द्यायला हे लिहीत नाही. तू आली असतीस तर गाठ वेळेत निघाली असती का, मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. पण मी रात्रंदिवस तोच हिशोब करते आणि तुझं नाव त्यात येतं, हे मी लपवणार नाही.

भिंगरी


९ सप्टेंबर

ताई,

तू समोरच्या लॉजवर उतरली आहेस, खोलीच्या खिडकीतून आमच्या वॉर्डाची गच्ची दिसते, असं घुमीने सांगितलं. हे पत्र तीच आणून देईल. तोंडावर बोलता आलं असतं तर लिहिलं नसतं.

काल तू आलीस तेव्हा मी जागी होते. वॉर्डाच्या दारात तुझा आवाज आल्या आल्या ओळखला. थोडा जाड झालाय. उठून बसायची धडपड करत होते, केस सारखे करत होते. आणि मग तू आत यायच्या ऐवजी सिस्टरच्या टेबलापाशी थांबलीस. माझ्या पडद्यापासून चार पावलांवर. घुमीला विचारलंस, "फोन तुम्हीच केला होतात ना? खरंच आहे ना हे? म्हणजे नक्की? तिला सवय आहे हो."

घुमीने फाइल काढली. पानं उलटल्याचा आवाज आला. बराच वेळ. मग तू रडलीस. तिथे, टेबलापाशी, त्या कागदांवर वाकून. किती रडलीस गं. मी इतकी वर्षं तुला रडवायला काय काय केलं असेन, आणि तू रडलीस ते एका छापील कागदासाठी.

मी डोळे मिटून घेतले. तू तोंड धुऊन आलीस, स्टुलावर बसलीस, माझा हात हातात घेतलास. मी झोपेचं सोंग घेतलं. ते मात्र अगदी अस्सल सोंग होतं, तुला ओळखता आलं नाही. तू हळूच म्हणालीस, "किती वाळलीस." मग म्हातारीच्या सुनेशी बोलत बसलीस, गाडीला किती गर्दी होती, लॉजवर पाणी किती वाजता येतं. तुझा अंगठा तेवढा वेळ माझ्या हातावर फिरत होता. तो मला लहानपणापासून ओळखीचा आहे. मी ताप येऊन पडले की तू असाच फिरवायचीस. मी तरीही डोळे उघडले नाहीत, कारण उघडले असते तर मी तुला काहीतरी भयंकर बोलले असते, आणि तू पुन्हा गेली असतीस.

तू गेल्यावर घुमीला विचारलं. फाइलीच्या शेवटच्या, कुणी कधी न उलटलेल्या पानावर नातेवाईक म्हणून तुझा नंबर होता, तिने तो लावला. म्हणाली, "कॉलेजातून डॉक्टर बोलतेय." तू दुसऱ्या दिवशी गाडीत बसलीस. माझी इतकी पत्रं गेली, रिपोर्ट गेला. एका अनोळखी पोरीच्या फोनवर तू आलीस. आणि ती अजून डॉक्टरही झालेली नाही, त्या परीक्षेत नापास आहे.

मला राग आहे. तो जाणार नाही, त्याला जायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ नाहीये आता. तू ये. रागासकट ये म्हणते आहे.

उद्या आलीस की टेबलापाशी थांबू नकोस. सरळ आत ये. मी जागी असेन, कालच्यासारखं करणार नाही. स्टूल घे, बस. तुला फाइलीवरून सगळं कळलंय, कुठे आहे, किती पसरलंय, सगळं. तरी मला विचार, कुठे दुखतंय. मग मी सांगेन.

भिंगरी